पावती हाय काय?

कोल्हापुरात वकिलांची एक अलिखित उतरंड आहे. सगळ्यांत वर खुनाचा खटला चालवणारा वकील. तो गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला थांबला, तर दूधवाला त्याच्या ग्लासात फेस कमी आणि दूध जास्त ओततो. त्याच्या खालोखाल जमिनीच्या वाटपाचे दावे चालवणारा. त्याच्याकडची फाईल आजोबांनी उघडलेली असते, तारखा नातू घेतो आणि भांडणारे दोन्ही भाऊ एकाच एसटीने कोर्टात येतात. मग मोटार अपघात, घटस्फोट, न वटलेले चेक. आणि हे सगळे संपल्यावर, ‘अजून कोण राहिलं का?’ असं कुणी विचारलंच, तर करवकील. नुकती सनद मिळालेल्या पोराने एखाद्या लग्नात सांगून बघावं, की मी इन्कमटॅक्स आणि जीएसटीची प्रॅक्टिस करणार. पाव्हणे हातातला जिलबीचा तुकडा तसाच धरून विचारतात, ‘‘म्हंजे सीएची परीक्षा निघाली न्हाई व्हय?’’

या प्रश्नावर रागवायचं नाही. तो गैरसमजातून आलेला असला तरी निराधार नाही. आयकर अधिकाऱ्यापुढे आणि अपिलीय न्यायाधिकरणापुढे वकिलाइतकाच सीएलाही उभं राहण्याचा हक्क आहे. कायदा इतका उदार आहे, की करदात्याचा नातेवाईकही त्याच्या वतीने हजर राहू शकतो. त्यामुळे पक्षकार हिअरिंगला येताना मेहुण्याला घेऊन येतो आणि तुम्ही पहिला मुद्दा मांडायच्या आत मेहुणा तिसरा मुद्दा मांडून मोकळा होतो. मात्र हायकोर्टाच्या दारात ही गर्दी थांबते. तिथे मेहुणा नाही, सीए नाही. पक्षकाराच्या वतीने काळा गाऊन आणि पांढरा बँड असलेला माणूसच बोलू शकतो.

आणि हायकोर्ट आता घरी आलेलं आहे. चार दशकांहून जास्त काळ वकिलांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, कामकाज बंद ठेवलं. अखेर १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे आता भाऊसिंगजी रोडवर पार्किंग शोधतात. पूर्वी हायकोर्टाची तारीख म्हणजे रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबईत उतरून लॉजवर अंघोळ करायची, दिवसभर बाकावर बसून बोर्ड पुढे सरकतोय का ते बघायचं आणि ‘पुढची तारीख’ हे दोन शब्द घेऊन रात्री पुन्हा महालक्ष्मी पकडायची. आता हेच दोन शब्द जेवायला घरी जाऊन ऐकता येतात. नव्या पोरांनी याला प्रगती म्हणावं. आम्ही म्हणतोच.

आता गावाची ओळख करून घ्या. तुम्ही करवकिली कुठल्या गावात सुरू करताय, हे विसरून चालणार नाही. हे तेच गाव आहे, जिथे रस्त्यांसाठी टोल लागला तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या प्रा. एन. डी. पाटलांच्या मागे सगळं शहर रस्त्यावर उतरलं आणि ‘टोल देणार नाही’ एवढ्या एका वाक्यावर सरकारला २०१५ सरता सरता टोल रद्द करावा लागला. त्या लढ्यात कोर्टाच्या तारखाही पडल्या, पण गावाच्या लक्षात राहिलं ते तेवढं एकच वाक्य. तेव्हापासून इथल्या पक्षकाराची अशी पक्की समजूत आहे, की कर हा मुळात तडजोडीचा विषय आहे आणि वकील त्यासाठीच असतो. नोटीस टेबलावर आपटून तो पहिलं वाक्य म्हणतो, ‘‘वकीलसाहेब, हे भरायचं न्हाई. बाकी तुम्ही बघा.’’

पण म्हणून हा माणूस चिकट आहे असं समजू नका. हाच माणूस तालमीच्या गणपतीला एक्कावन्न हजार रोख देतो. भंडाऱ्याला तांदळाची पोती पाठवतो. देवापुढच्या नारळाच्या लिलावात एका नारळाला एवढी बोली लावतो, की तेवढ्यात कोकणात झाडासकट नारळ मिळाला असता. मग त्याची अडचण काय आहे? अडचण अशी, की तालमीत पैसे दिले की माईकवरून नाव पुकारतात. प्राप्तिकर भरला की फक्त एक एसएमएस येतो, तोही इंग्रजीत. अर्थ खात्याने बिंदू चौकात एक स्पीकर बसवून ‘‘अमुक अमुक यांजकडून आगाऊ कराचा तिसरा हप्ता...’’ एवढं जाहीर करायला सुरुवात केली, तर दुसऱ्या दिवशी शेजारचा दुकानदार चौथा हप्ता घेऊन रांगेत उभा राहील. ही सूचना दिल्लीला कळवावी असं फार दिवस मनात आहे. पण तिचं उत्तर पोर्टलवर येईल आणि पोर्टल त्या दिवशी बंद असेल.

असो. पहिला सल्ला: कायद्याचं पुस्तक उघडायच्या आधी पक्षकाराचं दुकान बघून या. पुस्तकातला जीएसटी आणि कोल्हापुरातला जीएसटी यांची भेट फार क्वचित होते. गुळाचंच घ्या. शाहू मार्केट यार्डात सुटा गूळ विकला तर कर नाही. तोच गूळ पंचवीस किलोपर्यंतच्या पिशवीत भरून वर लेबल लावलं, तर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के. म्हणजे उसाला घाम शेतकऱ्याने गाळला, रस गुऱ्हाळाने काढला, रात्रभर काहिलीपुढे गुळव्या जागला आणि कर मात्र लागला तो लेबलाला. व्यापाऱ्याला हे पटत नाही. तो विचारतो, ‘‘आणि लेबल अर्धं फाडलं तर अडीच टक्के का?’’ त्यावर हसू नका. यापेक्षा विचित्र मुद्द्यांवर निकाल झालेले आहेत. रोटीला एक दर आणि परोट्याला दुसरा, यावर आगाऊ निर्णय देणाऱ्या प्राधिकरणाने गंभीर चेहऱ्याने लिहिलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद बसली आणि मिठाच्या पॉपकॉर्नला एक दर, कॅरॅमलच्या पॉपकॉर्नला दुसरा, हे देशाला समजावून सांगितलं. ज्या देशात तेव्हा लाहीला दोन दर असू शकले, तिथे आमच्या तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्याला अजून एकच दर आहे, ही अर्थ खात्याची कृपाच म्हणायची. जीएसटीत ‘संमिश्र पुरवठा’ नावाची कल्पना आहे. दोन-तीन वस्तू नेहमी एकत्रच मिळत असतील, तर मुख्य वस्तूचा दर सगळ्यांना लागतो. ती समजून घ्यायला पुस्तकाची गरज नाही. मटणाचं ताट मागवा. मटण हा मुख्य पुरवठा, दोन्ही रस्से त्याला जोडून आलेले. रस्सा कितीही वेळा वाढला तरी बिल वाढत नाही, आणि मुख्य पुरवठा संपला तरी अनुषंगिक पुरवठा चालूच राहतो.

चपलेचा इतिहास तर परीक्षेलाच विचारावा. हजार रुपयांपर्यंतच्या जोडीला आधी पाच टक्के, १ जानेवारी २०२२ पासून बारा टक्के, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीला पुन्हा पाच टक्के. त्याच्या वर अठरा. त्यामुळे चोवीसशे नव्याण्णवची चप्पल आणि पंचवीसशे एकची चप्पल यांच्यात दोन रुपयांचा फरक असला, तरी कराचा फरक सव्वातीनशे रुपयांचा आहे. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने अगदी आपल्यासारखी चप्पल मॉडेलांच्या पायात घातली आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा सगळं गाव भडकलं. चप्पल लाईनीतल्या एका दुकानदाराची चिंता वेगळी होती: ‘‘त्यांच्या जोडीला अठरा टक्के लागंल न्हवं? मग असू दे.’’

हुपरीला गेलात तर चांदी बघा. चांदी तिथे एका जागी थांबत नाही. एका घरी तार ओढली जाते, दुसऱ्या घरी कड्या होतात, तिसऱ्या घरी जोडकाम, चौथ्या घरी पॉलिश. पैंजण गिऱ्हाइकाच्या पायात वाजायच्या आधी अर्धं गाव फिरून आलेला असतो. कायद्याच्या भाषेत हे जॉबवर्क आहे आणि प्रत्येक फेरीला चलन हवं. चांदी देणाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, ‘‘वहिनीकडं पाठवायला चलन? उद्या सैपाकघरातनं देवघरात जायला पास काढा म्हणशिला.’’ उद्यमनगरात आणि शिरोलीत दुखणं वेगळं. फाउंड्रीवाला भंगार विकत घेतो, बिलावर कर मोजून देतो. विकणारा तो कर सरकारात भरत नाही आणि एके दिवशी त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर केस कापायचं सलून निघतं. मग खरेदीदाराला त्याने दिलेल्या कराचं मिळायचं क्रेडिट अडतं. ‘‘मी पैसे दिले, त्यानं भरले न्हाईत, तर चोर कोण?’’ असा प्रश्न पक्षकार तुम्हाला विचारतो. प्रश्न रास्त आहे. जीएसटी कायद्याच्या सोळाव्या कलमाचं उत्तर मात्र असं, की ते नंतर बघू. तोवर तुम्ही भरा.

म्हणून दुसरा सल्ला, आणि खरं सांगायचं तर सगळ्या सल्ल्यांचा गाभा हाच: पक्षकार काहीही सांगायला लागला की मान डोलवायची आणि शेवटी एकच विचारायचं, ‘‘पावती हाय काय?’’ फौजदारी वकिलाला साक्षीदार लागतात. ते फुटतात, वाकतात, गावाला जातात. करवकिलाचा साक्षीदार कागद असतो. व्यवहार झाला त्या दिवशी जो कागद झाला, तोच तुमचा खटला. त्यानंतर केलेला प्रत्येक कागद हा साहित्याचा भाग आहे, आणि साहित्याला सूट नाही. पक्षकाराला हे कळायला वेळ लागतो, कारण त्याच्या धंद्याच्या दोन वह्या असतात: पक्की वही त्याच्या बॅगेत आणि कच्ची त्याच्या डोक्यात. कागद मागितले, की कोल्हापुरात एक हुकमी उत्तर मिळतं: ‘‘पुरात गेले.’’ २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी इथल्या व्यापाराचं किती नुकसान केलं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्यात विनोद दिसणार नाही. पण त्या पुरांत जेवढे कागद भिजले, त्याहून जास्त कागद नंतर नोटिशी आल्यावर वाहून गेले. पन्हाळ्यावर दुकान असलेल्या माणसानेही हेच उत्तर द्यावं, एवढं पाणी पंचगंगेला अजून आलेलं नाही.

तिसरा सल्ला शेतीबद्दल. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही, ही गोष्ट इथे पोराला पाढ्यांच्या आधी कळते. त्यामुळे कुणाचं काहीही उत्पन्न असो, अंतिमतः ते उसातून आलेलं असतं. कागलच्या रस्त्याला वर्कशॉप असलेला माणूस खात्यात आलेल्या अठरा लाखांबद्दल शांतपणे सांगतो, ‘‘शेतीचे.’’ शेती किती? वीस गुंठे. आता एकरी चाळीस टन ऊस धरा, टनाला साडेतीन हजार धरा, खर्च शून्य धरा. तरी वर्षाला सत्तर हजारांच्या पुढे आकडा जात नाही. उरलेले सतरा लाख तीस हजार ज्या उसाने दिले, त्या उसाचं बियाणं पाडेगावच्या संशोधन केंद्राने ताबडतोब ताब्यात घ्यायला हवं. हा गुणाकार समोरच्या अधिकाऱ्याला येतो, हे पक्षकाराला पटवून देणं हेच इथे वकिलाचं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे कायदा. शेती कशाला म्हणायचं, यावर १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजा बिनय कुमार साहस रॉय यांच्या प्रकरणात सांगून ठेवलंय, की जमिनीवर माणसाने नांगरणी-पेरणीसारखे मूळ कष्ट घेतलेले असले पाहिजेत. आपोआप उगवलेलं रान तोडून विकलं तर ती शेती नव्हे. पक्षकाराला हे वाचून दाखवलं तर तो सुखावतो. ‘‘बघा, कोर्टबी म्हणतंय, कष्ट पायजेत. मग आमचे कष्ट काय कमी हैत?’’ कष्ट आहेतच. ते वर्कशॉपमध्ये आहेत, एवढीच अडचण.

चौथा सल्ला: घाई असलेल्याने या धंद्यात पडू नये. याचा दाखला आपल्याच भागातला आहे. सहकारी साखर कारखान्यांनी किमान दरापेक्षा उसाला जादा भाव दिला. शेतकऱ्याला वाटलं, घामाचे दाम मिळाले. कारखान्याला वाटलं, कच्च्या मालाचा खर्च झाला. आयकर खात्याला वाटलं, सभासदांना नफा वाटला. सबब यावर कर. एकाच नोटेकडे तिघे बघत होते आणि तिघांना तीन वेगवेगळी चित्रं दिसत होती. वर्षानुवर्षं नोटिशी निघाल्या, अपिलं झाली. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सांगितलं, की जादा दरात नफ्याचा जेवढा भाग असेल तेवढंच नफावाटप, बाकी खर्च. आणि तो भाग किती, हे ठरवायला प्रकरणं पुन्हा खाली पाठवली. म्हणजे शिडीच्या टोकाला पोचलेली फाईल परत पहिल्या पायरीवर. शेवटी २०२३च्या अर्थसंकल्पात सरकारनेच २०१६-१७च्या आधीच्या वर्षांचे हे पैसे खर्च म्हणून धरायला परवानगी दिली आणि सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळेल असं सांगितलं. या एका वादात किती तरी वकील ज्युनिअर म्हणून शिरले आणि सीनिअर म्हणून बाहेर पडले. तुम्ही विचाराल, मग जिंकलं कोण? कारखाने जिंकले, शेतकरी जिंकला, सरकारने दिलासा दिला म्हणून सरकारही जिंकलं. हरला तो एकटा वकील. चालू फाईल बंद झाली.

नव्या मंडळींना एक फायदा मात्र असा मिळालाय, जो आम्हाला कधी मिळाला नाही. १९६१चा प्राप्तिकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा कायदा. सरकारी हिशोबाने आठशे एकोणीस कलमांची पाचशे छत्तीस झाली, आणि शब्द पाच लाख बारा हजारांवरून दोन लाख साठ हजारांवर आले. शब्द निम्मे झाले; कर निम्मा झाला असं कुणी म्हटलेलं नाही. ज्या सीनिअरांनी साठ वर्षांची कलमं तोंडपाठ करून त्या पाठांतरावर बंगले बांधले, ते आज तुमच्याइतकेच नवशिके आहेत. ‘ऐंशी सी’ म्हटलं की विम्याचा एजंटसुद्धा झोपेतून उठायचा, ते आता एकशे तेवीस झालंय. सगळ्यांत मजा दोनशे त्रेसष्टची. जुन्या कायद्यात ‘दोनशे त्रेसष्ट’ म्हणजे आयुक्तांनी बंद झालेली फाईल पुन्हा उघडायची. नुसता आकडा ऐकून जुन्या वकिलांची साखर वर जायची. नव्या कायद्यात दोनशे त्रेसष्ट म्हणजे साधं रिटर्न भरणं. एखाद्या ज्युनिअरने निरागसपणे सांगावं, ‘‘सर, आपल्या सगळ्या क्लायंटना यंदा दोनशे त्रेसष्ट लागणार,’’ आणि सरांनी पाण्याचा ग्लास मागावा. अर्थात आधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालणार, त्यामुळे काही वर्षं दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवावी लागतील. यावर उपाय म्हणजे मोठं टेबल घेणं. पक्षकारावरही छाप पडते.

पाचवा सल्ला चेहऱ्याबद्दल. पूर्वी ताराबाई पार्कातल्या आयकर भवनात गेलं, की साहेब भेटायचे. त्यांच्या खोलीत कुठल्या देवाचा फोटो आहे, चहा येतो की नाही, आवाज कुठे चढतो, यावरून ज्युनिअर अर्धा कायदा शिकायचा. आता असेसमेंट बिनचेहऱ्याचं. २०१९ पासून सुरुवात झाली आणि २०२० साली ती रीतच झाली. प्रश्न विचारणारा अधिकारी देशात कुठे बसलाय, हे तुम्हाला कळत नाही आणि कळू नये अशीच योजना आहे. ही योजना चांगली आहे, फक्त तिने कोल्हापूरच्या पक्षकाराचा पाया हलवला. त्याची सगळी व्यूहरचना एका प्रश्नावर उभी असते: ‘‘साहेब कुठले?’’ साहेब गडहिंग्लजचे निघाले तर त्याचे साडू तिकडचे असतात. कऱ्हाडचे निघाले तर एक वर्गमित्र असतो. लातूरचे निघाले तरी बायकोच्या मावसबहिणीपर्यंत पोचता येतं. आता साहेबच नाहीत म्हटल्यावर तो हवालदिल होतो. ‘‘मग बोलायचं कुणाशी?’’ पीडीएफशी. पीडीएफला साडू नसतात.

त्यातून नोटीस घरी येत नाही, पोर्टलवर येते. आणि पोर्टलवर नोंदवलेला मोबाईल पक्षकाराचा नसतो. तो असतो पुतण्याचा, जो आता पुण्याला आहे; किंवा आधीच्या दिवाणजींचा, जे पगारावरून भांडून गेले; किंवा धाकट्या भावाचा, ज्याच्याशी कोर्टात वाटणीचा दावा चालू आहे. ओटीपी त्या भावाला जातो. मग तुम्ही, एक पदवीधर विधिज्ञ, प्रतिवादीला फोन करून विनंती करता, ‘‘दादा, एक सहा आकडी नंबर आला असंल बघा.’’ भाऊ म्हणतो, ‘‘आधी बांधावरचं आंब्याचं झाड कुणाचं ते सांगा.’’ इथे करवकिली संपते आणि मध्यस्थी सुरू होते. सबब नव्या वकिलाने वकीलपत्राच्या आधी पक्षकाराचा मोबाईल आणि ईमेल पोर्टलवर नीट नोंदवून घ्यावा. हे कुठल्याही लॉ कॉलेजात शिकवत नाहीत, आणि एकतर्फी आदेशांची अर्धी कारणं यातच असतात.

तारखांचं म्हणाल, तर करवकिलाला सण नसतात, मुदती असतात. सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीआर-एक, वीसला थ्रीबी. ऑडिटची ३० सप्टेंबर ही मुदत नवरात्राच्या आसपास कुठे तरी हमखास पडते. सगळं गाव अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत आणि तुम्ही ‘सर्व्हर इज बिझी’च्या रांगेत; देवळात निदान प्रसाद तरी मिळतो. २०२५ साली तर रिटर्नची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर झाली आणि पंधराच्या रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढली. मुदत वाढली की काम हलकं होतं, हा भ्रम पहिल्या वर्षातच सोडून द्यावा. मुदत वाढते तेव्हा फक्त पक्षकाराची झोप वाढते. त्याला ३१ जुलैला फोन केला तर तो म्हणतो, ‘‘वाढंल की.’’ वाढल्यावर फोन केला तर म्हणतो, ‘‘बघा, म्हटलं न्हवतं?’’ आणि शेवटच्या रात्री साडेअकराला बँकेच्या पासबुकाचे व्हॉट्सॲपवर काढलेले अंधुक फोटो पाठवून वर विचारतो, ‘‘झालं का?’’

या सगळ्यातून जायची तयारी असेल, तर थोडं स्वप्नही बघायला हरकत नाही. विख्यात करवकील नानी पालखीवाला तिशीत होते तेव्हा, १९५० साली, ज्येष्ठ वकील कांगांबरोबर त्यांनी प्राप्तिकरावरचा ग्रंथ लिहिला. तो आजही वकिलांच्या कपाटात आहे. अर्थसंकल्पावरच्या त्यांच्या भाषणाला एवढी गर्दी व्हायची, की ते मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ठेवावं लागायचं. करावरच्या भाषणाला स्टेडियम भरतं, हे आमच्या पक्षकाराला सांगून बघा. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान कुस्तीशिवाय भरलेलं त्याने पाहिलेलं नाही. तो थोडा विचार करून विचारतो, ‘‘समोर कोण होता?’’ समोर अर्थमंत्री होता, हे ऐकलं की मात्र त्याला लढत पटते.

आता शेवटचा आणि सर्वांत नाजूक सल्ला, फीबद्दल. वकिलीत फी मागायची लाज आणि पक्षकाराची स्मरणशक्ती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नाहीशा होतात, फक्त लाज उशिरा जाते. केस जिंकली तर तो म्हणतो, ‘‘आपलं खरंच होतं की.’’ हरली तर म्हणतो, ‘‘वकील कच्चा निघाला.’’ दोन्ही वाक्यांत फीला जागा नाही. म्हणून ती निकालाच्या आधी घ्यावी. काही पक्षकार पैशांऐवजी प्रेम आणतात: गुळाची ढेप, काकवीचा डबा, घरच्या तांदळाचं पोतं. ते नाकारू नका, घरात भांडण होईल. एवढंच लक्षात ठेवा, की व्यवसायातून मिळालेला कुठलाही लाभ, तो पैशांत असो वा नसो, जुन्या कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमापासून करपात्र आहे. ती ढेप म्हणजे तुमचं उत्पन्न. खाऊन टाकली म्हणून कलम सुटत नाही. सरकार आपल्याबद्दल तसं उदारही आहे. वकिलाच्या फीवर जीएसटी असला तर तो पक्षकाराने भरायचा असतो, आपण नव्हे. सीएला हे सांगून बघा, त्या दिवशी तो जेवत नाही. शिवाय छोट्या वकिलाला हिशोब ठेवायचे नसतील तर मिळकतीचा निम्मा भाग नफा समजून कर भरायची मुभा आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत हे वाचताना भरून येतं. आपल्याला नफा होत असेल असं समजणारं जगात कुणी तरी आहे.

एक दिवस तो पक्षकार येईल. ज्याला तुम्ही वर्षानुवर्षं बजावलंत, की भंगार घ्या, चांदी द्या, गूळ विका, पण कागद करा. ज्याचं सगळं क्रेडिट तुम्ही त्याच्याच चोपडीतल्या एका चुरगळलेल्या बिलावर सोडवून आणलंत. तो समाधानाने खुर्चीत बसेल, चहा घेईल, खिशातून नोटांचं पुडकं काढेल आणि आवाज खाली आणून म्हणेल, ‘‘वकीलसाहेब, आपल्यात पावती कशाला? तेवढं जरा कमी करा.’’

इतक्या वर्षांची तुमची सगळी करवकिली त्या पाच सेकंदांत तपासली जाते, आणि तिथे अपील नाही. तेव्हा हसून पावतीपुस्तक काढायचं, पूर्ण रक्कम लिहायची, खाली सही करायची आणि पावती त्याच्या हातात द्यायची. तो ती घडी घालून खिशात ठेवेल आणि जिन्यावरून खाली उतरताना भेटेल त्याला सांगेल, ‘‘वकील लई कडक हाय. आपल्यालाबी सोडत न्हाई.’’ कोल्हापुरात याहून मोठी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.